पेत्राचे तेल

नागपूरच्या दक्षिणेला बेसा नावाचे जे गाव आहे, तेथे राहायला येऊन मला आता बरीच वर्षे झाली. निवृत्तीनंतर जुने घर सोडले आणि मुलाने घेतलेल्या सदनिकेत आम्ही दोघे आलो, तेव्हा खिडकीतून तुरीची आणि कपाशीची शेते दिसत. आता इमारती दिसतात. पिपळा आणि बेसा मिळून नगरपंचायत झाली, रस्ते रुंदावले, आणि गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल पंपही आला. आठवड्यातून एकदा मी माझी जुनी स्कूटर घेऊन तेथे जातो. पंपावरचा तरुण नळी हातात घेऊन म्हणतो, "काका, झिरो पाहून घ्या." मी आकड्याकडे पाहतो न पाहतो, तोच टाकीच्या तोंडातून वर येणारा वास नाकात शिरतो. क्षणभर मी ह्या वयाचा राहत नाही.

तो माझ्या वडिलांचा वास आहे.

आम्ही मूळचे वसईकडचे. वडिलांचे मामा रेल्वेत होते आणि अजनीला त्यांना राहायला जागा होती. त्यांच्या आधाराने वडील तरुणपणी नागपूरला आले ते येथलेच झाले. रेल्वेत काही त्यांची वर्णी लागली नाही. दोनतीन ठिकाणी हमाली केल्यावर शहरातल्या एका पंपावर त्यांना काम मिळाले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तेच केले. शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. अक्षर मात्र वळणदार. पंपाच्या वहीत रोजचे आकडे तेच लिहीत. गॅलन जाऊन लिटर आले, तेव्हा मालकासकट सगळे गोंधळले होते. वडिलांनी एका पुठ्ठ्यावर दोन्हींचे कोष्टक लिहून भिंतीला टांगले आणि पंप चालता ठेवला, असे आई मोठ्या अभिमानाने सांगत असे.

त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव पेत्र.

पेट्रोलचा वास साबणाने जात नाही. तो कपड्यांत मुरतो, नखांच्या कडांत बसतो, केसांतही राहतो. आई त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवी. रविवारी मिस्सेला जाताना ते धुवट पांढरा सदरा घालत, तरीही सदरच्या कॅथेड्रलमध्ये ते सर्वांत मागच्या बाकावर, दाराशी बसत. "येथे वारा लागतो," असे ते सांगत. मी त्या वेळी वेदीसेवक होतो. लाल झगा, वर पांढरा लेसचा अंगरखा, आणि सणाच्या दिवशी हातात साखळीचे धूपदान. मिरवणूक वेदीकडून दाराकडे येई तेव्हा धूर त्यांच्या अंगावरून जाई. एकदा घरी आल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या अंगाला काय चांगला वास येतो रे!" मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नाही. कदाचित थोडा गर्वच वाटला असेल.

ते १९६४ साल असावे. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. संध्याकाळी वडील हातपाय धुऊन चहा घेत बसले होते आणि मी इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होतो. मध्येच त्यांनी विचारले, "काय रे, पेट्रोल म्हणजे काय? त्यात आपल्या पेत्राचे काही आहे का?"

मी हसलो. म्हटले, "बाबा, पेत्राचा काय संबंध? ते इंग्रजी नाव आहे. कंपनीने ठेवलेले."

ते म्हणाले, "नाही, लॅटिनमध्ये फादर पेत्रो म्हणतात ना, म्हणून विचारले." त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि पापांगीकाराच्या प्रार्थनेत संत पेत्राचे नाव 'पेत्रो' असे ऐकू येई. आयुष्यभर दर रविवारी कानांवर पडलेला तो शब्द आणि दिवसभर पंपावर उच्चारला जाणारा हा शब्द ह्यांची गाठ त्यांनी मनाशीच घातली होती. त्यांनी तो विषय तेवढ्यावर सोडला. मी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. वर्ग पोट धरून हसला आणि माझ्या वडिलांचे नाव 'संत पेट्रोल' पडले.

पुढे काही दिवसांनी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन पंपावर गेलो असताना आमच्या वर्गातला एक मुलगा आपल्या वडिलांच्या मोटारीतून आला. मागच्या काचेतून डोके बाहेर काढून त्याने ते नाव मोठ्याने उच्चारले. वडिलांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्या नावाचा उगम त्यांना तत्क्षणी कळला असणार. त्यांनी पेट्रोल भरले, बूच लावले, सुटे पैसे मोजून दिले. मीही त्या मुलाबरोबर हसलो होतो. हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, पण ते न लिहिता बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

वाचकहो, माझे वडील बरोबर होते.

हे मला कळले तेव्हा मी शिक्षक झालो होतो आणि शाळेच्या ग्रंथालयात एका जाड इंग्रजी शब्दकोशाची पाने सहज चाळत होतो. ग्रीक भाषेत 'पेत्रा' म्हणजे खडक. तो शब्द लॅटिनने जसाच्या तसा उचलला. लॅटिनमध्ये 'ओलेउम' म्हणजे तेल. दोन्ही मिळून पेत्रोलेउम, म्हणजे खडकाचे तेल. प्रभू येशूने सिमोनाला अरामी भाषेत 'केफा' म्हणजे खडक हे नाव दिले, त्याचे ग्रीक रूप पेत्रोस झाले, आणि ह्या खडकावर माझी ख्रिस्तसभा उभी राहील असे प्रभू त्याला म्हणाला ते मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. पेट्रोलमधला पेत्र आणि प्रेषितांमधला पेत्र एकाच खडकातून निघालेले आहेत. तिसरी शिकलेल्या माणसाला हे केवळ कानाने उमगले होते. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला उमगले नव्हते.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांना हे सांगावे, असे मनात आले. वडील तेव्हा हयात होते. मी सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे होत गेले. खरे तर सांगायचे म्हणजे त्या जुन्या हसण्याचाही विषय निघणार होता.

हा शब्द आपल्याकडे आला कसा, हे मग मी छंद म्हणून शोधत गेलो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो रुळलेला होता. जर्मनीत गेओर्ग आग्रिकोला नावाच्या विद्वानाने १५४६ साली खनिजांवर ग्रंथ लिहिला, त्यात तो आढळतो. त्याआधी पंधराव्या शतकात बव्हेरियातल्या टेगर्नसे येथील मठाजवळ जमिनीतून पाझरणारे तेल संन्यासी गोळा करीत आणि 'संत क्विरिनाचे तेल' म्हणून औषधासाठी देत. तेव्हा खडकाचे तेल हे गाडीत घालण्याची नव्हे, जखमेला लावण्याची वस्तू होती.

मोटारीच्या इंधनाला 'पेट्रोल' म्हणण्याची चाल मात्र अगदी अलीकडची. १८९० नंतरच्या दशकात लंडनच्या कार्लेस, केपल आणि लेनर्ड ह्या कंपनीने ते नाव आपल्या मालाला दिले. ते आपल्याच मालकीचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा त्यांचा प्रयत्न काही सफल झाला नाही, कारण शब्द तोवर सर्वांच्या तोंडी झाला होता. बाकीचे व्यापारी 'मोटार स्पिरिट' म्हणत. गंमत अशी, की आपल्या देशातल्या तेलकंपन्यांच्या कागदपत्रांत आजही पेट्रोलला 'एम. एस.' म्हणजे मोटार स्पिरिट असेच लिहितात. वडिलांच्या वहीतही तीच दोन अक्षरे असत. म्हणजे कंपनीने नाव ठेवले हे माझे उत्तर अर्धे बरोबर होते, आणि अर्धे बरोबर असणारा माणूस पुरत्या चुकलेल्यापेक्षा अधिक मोठ्याने हसतो.

इंग्रजांचे राज्य जेथे जेथे होते, तेथे तेथे हा शब्द गेला. आपल्याकडे तर इतका मुरला, की 'इंधन' हा मूळचा संस्कृत शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यापुरता उरला आहे. 'खनिज तेल' पाठ्यपुस्तकात भेटते. पंपावर जाऊन खनिज तेल मागणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. शब्द समित्यांच्या बैठकीतून क्वचितच येतात. ते डब्यातून, पिंपातून, गिऱ्हाइकाच्या तोंडून येतात. 'पिंप' आणि 'बूच' हे शब्द असेच पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि वसईपासून नागपूरपर्यंत मराठी होऊन बसले. वडील पोर्तुगीज पिंपातले, लॅटिन नावाचे, इंग्रज कंपनीने खपवलेले तेल मराठीत विकत होते.

पण खडकाचे तेल आपल्या घरात पेट्रोलच्याही आधी आले होते, दुसऱ्याच वेषात. रॉकेल हा शब्द घ्या. इंग्रजीत खडकाला 'रॉक', तेलाला 'ऑइल'. रॉक ऑइलचे मराठी जिभेवर रॉकेल झाले. लॅटिन पेत्रोलेउमचेच ते इंग्रजी भाषांतर. म्हणजे पेट्रोल आणि रॉकेल ही अर्थाने जुळी भावंडे. एक लॅटिन शाळेत गेले, एक इंग्रजी शाळेत. त्यांचा तिसरा सोबती घासलेट. तो तर दिव्यावरून आला. 'गॅसलाइट' म्हणजे वायूचा दिवा, त्याचे घासलेट. त्यात ना घास, ना लेट. हिंदीत १९२८च्या सुमारास बनारसीदास चतुर्वेदींनी हलक्या प्रतीच्या वाङ्मयाला 'घासलेटी साहित्य' असे नाव देऊन मोठी चळवळ केली होती. बिचाऱ्या दिव्याच्या तेलाने असे कोणते पाप केले होते, कोण जाणे.

नागपुरात ह्या दोघांच्या जोडीला 'मिट्टी का तेल' आणि 'मातीचं तेल' हेही ऐकू येई. आमच्या आळीत तमिळ रेल्वे कुटुंबे होती. त्यांच्या 'मण्णेण्णेय्' ह्या शब्दाचाही अर्थ मातीचे तेलच. चिनी लोक तर अकराव्या शतकापासून त्याला दगडाचे तेल म्हणतात. जगाच्या पाठीवर एकमेकांना न विचारता माणसांनी एकच नाव ठेवले. फक्त कोणी खडक म्हटले, कोणी माती. आणि तेलाचे काय? लॅटिन 'ओलेउम' ऑलिव्हच्या झाडावरून आला, आपला 'तेल' तिळावरून. भूमध्य समुद्राकाठच्या माणसाने खडकातून पाझरणाऱ्या काळ्या द्रवात आपल्या ऑलिव्हचे फळ पाहिले आणि आपण त्यात तीळ पाहिला.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. नागपूर धर्मप्रांतात काम करणारे पूर्वीचे बरेचसे धर्मगुरू फ्रान्सच्या साव्हॉय प्रदेशातून आलेले होते. संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाची ही संस्था १८३८ साली आनेसी येथे स्थापन झाली. तिच्या संस्थापकांचे नावही पेत्रच, पियेर मेर्मिये. आता फ्रेंच भाषेत 'पेत्रोल' म्हणजे मोटारीचे पेट्रोल नव्हे. मोटारीच्या पेट्रोलला ते 'एसाँस' म्हणतात, म्हणजे अर्क. त्यांचा 'पेत्रोल' म्हणजे खनिज तेल आणि दिव्यातले रॉकेल. वडील पंपावर नवे असताना एक वृद्ध फ्रेंच फादर खेड्यावर निघण्याआधी तेथे आले आणि त्यांनी बाटलीभर 'पेत्रोल' मागितले. वडील शेजारच्या दुकानात गेले आणि रॉकेल घेऊन आले. मालक रागावला. वडील म्हणाले, "फादर पेट्रोल म्हणाले खरे, पण त्यांच्या हातात कंदील होता."

ही गोष्ट वडील केवळ गंमत म्हणून सांगत. मला तिचा अर्थ लागायला पॅरिसचा शब्दकोश पाहावा लागला. त्यांनी कंदील पाहिला होता. कंदिलात पेट्रोल गेले असते तर त्या रात्री त्या खेड्यात काय घडले असते, ह्याची कल्पना पंपावर काम करणाऱ्यालाच येईल.

अमेरिकेत पेट्रोलला 'गॅसोलीन' म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची जन्मकथा एका प्रकाशकाशी जोडलेली आहे. जॉन कॅसेल हा लंडनचा पुस्तक-प्रकाशक दारूबंदीचा प्रचार करी, चहा-कॉफी विके, आणि १८६२ साली त्याने आपल्या आडनावावरून 'कॅझेलीन' नावाच्या दिव्याच्या तेलाची जाहिरात दिली. डब्लिनच्या एका दुकानदाराने तसाच माल विकायला काढला आणि तक्रार येताच पहिल्या अक्षराला एक शेपटी जोडून त्याचे 'गॅझेलीन' केले. थोड्याच वर्षांत अमेरिकेत गॅसोलीन रूढ झाले. ह्यातला 'गॅस' हा शब्द ब्रुसेल्सच्या व्हान हेल्माँटने सतराव्या शतकात ग्रीक 'खाओस' वरून घडवला होता. खाओस म्हणजे सृष्टीपूर्वीची पोकळी, गोंधळ. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी 'गॅसोलिना' घेतले. अर्जेंटिनाने मात्र 'नाफ्ता'.

ह्या नाफ्त्याजवळ आपण कॅथलिकांनी थोडे थांबायला हवे. बॅबिलोनच्या प्राचीन भाषेपासून ग्रीकपर्यंत आलेला हा शब्द आपल्या बायबलमध्ये आहे, आणि आमच्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या बायबलमध्ये नाही, कारण मक्काबीचे दुसरे पुस्तक ते जुन्या करारात धरत नाहीत. त्याच्या पहिल्याच अध्यायात कथा आहे. यहुदी लोकांना बंदी करून नेले तेव्हा याजकांनी वेदीवरचा अग्नी एका कोरड्या विहिरीत दडवला. पिढ्या उलटल्यावर नहेम्याने त्यांच्या वंशजांना तो आणायला पाठवले. त्यांना अग्नी सापडला नाही, दाट द्रव सापडला. तो लाकडांवर शिंपडला, ढग दूर होऊन सूर्य तापला, आणि ज्वाळा उठल्या. त्या द्रवाला नहेम्याच्या माणसांनी शुद्धी ह्या अर्थाचे नाव दिले, परंतु लोक त्याला नाफ्ता म्हणू लागले, असे तेथे लिहिले आहे. शास्त्रीने एक नाव द्यावे आणि बाजाराने दुसरेच चालवावे, ही रीत एवढी जुनी आहे! अरब, इराणी, रशियन, सर्वांच्या खनिज तेलाच्या नावात तो 'नफ्त' अजून आहे. पोलंडमध्ये नाफ्ता म्हणजे रॉकेल. तेथल्याच लुकाशेविच नावाच्या औषधविक्रेत्याने केलेल्या दिव्याच्या उजेडात ३१ जुलै १८५३ रोजी लव्हूव्हच्या इस्पितळात रात्री शस्त्रक्रिया झाली.

आता मी माझ्या दुसऱ्या फजितीकडे येतो. माझी मुलगी जर्मनीत हायडेलबर्गला परिचारिका आहे. २०१२ साली आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तेथील पंपावर 'बेन्झीन' असे लिहिलेले पाहून मी जावयांना मोठ्या ऐटीत सांगितले, की हे नाव मोटारीचा जनक कार्ल बेंझ ह्याच्यावरून पडले. माझी नात तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "आजोबा, नाही. बेंझ जन्मण्याच्या आधीपासून तो शब्द आहे." तिने ते शाळेत ऐकले होते, कारण जवळचेच विस्लोख गाव ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीने मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली आणि वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही दाखवतात. डिझेल हे मात्र खरोखरच माणसाचे नाव आहे. रुडॉल्फ डिझेल १९१३ साली बोटीवरून इंग्लंडला जाताना समुद्रात नाहीसा झाला, आणि त्याचे नाव आपल्या मालमोटारींत उरले.

मग बेन्झीन कोठून आले? नातीला ते ठाऊक नव्हते. मी पुन्हा शब्दकोशांकडे वळलो, आणि जे सापडले ते वाचून कितीतरी वेळ काही सुचले नाही.

१८३३ साली मिट्शरलिख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून एक द्रव मिळवला आणि त्याला 'बेन्झीन' म्हटले. कार्ल बेंझचा जन्म १८४४चा. पुढे ते नाव खनिज तेलातून निघणाऱ्या हलक्या द्रवालाही लागले. ते आम्ल निघते एका झाडाच्या डिंकापासून. त्या डिंकाचे युरोपातले नाव बेंझोइन, पोर्तुगीजांचे 'बेंजोइम'. हे नाव अरबीतून आलेले. अरब व्यापारी सुमात्रा-जावाकडून येणाऱ्या त्या डिंकाला 'लुबान जावी' म्हणत, म्हणजे जावाचा लोबान. युरोपीय कानांनी सुरुवातीचा 'लु' आपल्या भाषांतला उपपद समजून गाळून टाकला आणि उरले 'बान जावी'. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात ह्या डिंकावर स्वतंत्र संवाद आहे. त्या वेळी आमची वसई पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती.

लोबान म्हणजे आपला ऊद. निखाऱ्यावर टाकला की ज्याचा गोड, जड धूर होतो तो. आमच्या कॅथेड्रलच्या धूपदानासाठी इतवारीतून जो पुडा येई, त्यात तो असे. जर्मनीत, इटलीत, पोलंडमध्ये, रशियात, इराणात कोट्यवधी माणसे रोज गाडीत जे भरतात, त्याला ती नकळत लोबानच म्हणतात.

माझ्या हातात एक वास होता आणि वडिलांच्या अंगाला दुसरा. एकासाठी मी वेदीपाशी उभा राहत असे, दुसऱ्यासाठी ते दाराशी बसत.

वडील १९७८ साली गेले. दोन पोप ज्या वर्षी वारले तेच ते वर्ष. अखेरच्या दिवसांत फादरांनी घरी येऊन त्यांना रुग्णाभ्यंग दिला. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावले. पवित्र तेल पूर्वी ऑलिव्हचेच लागे. पोप सहावे पॉल ह्यांनी १९७२ साली इतर वनस्पतींच्या तेलाचीही मुभा दिली. खडकाचे तेल अर्थातच त्यात बसत नाही. फादरांनी वडिलांचा हात उलटा करून तळवा वर केला, तेव्हा त्या रेषांत काळपट तेल कायमचे मुरलेले दिसले. त्यावरून अंगठ्याने क्रूस काढताना ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी तो सावकाश काढला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. पेत्राची गोष्ट मला तेव्हा ठाऊक होती. लोबानाची नव्हती. पेत्राची तरी सांगता आली असती. ते शुद्धीवर होते, आणि अजून दोन दिवस होते.

बेसातल्या पंपावर आता 'ई-२०' अशी पाटी आहे. ऊस आणि धान्यापासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. म्हणजे हिशेबाने पेत्राचा वाटा ऐंशी टक्क्यांवर आला. वडील असते तर त्यांनी पुठ्ठ्यावर ह्याचेही कोष्टक केले असते. रेशनच्या दुकानापुढची रॉकेलची रांग तर कधीच दिसेनाशी झाली आहे, आणि माझ्या नातवंडांना घासलेट हा शब्द ऐकून हसू येते.

मोटारीच्या काचेतून डोके बाहेर काढणारा तो वर्गमित्र अजून नागपुरातच असतो. आम्हां दोघांचीही आता वये झाली. मागील नाताळात एका लग्नात भेटला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझे बाबा काय म्हणाले होते रे? पेट्रोलमध्ये संत पेत्र!" आणि पूर्वीसारखाच हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मी म्हणालो, "ते बरोबर होते." त्याला ती थट्टा वाटली. मी खडक सांगितला, तेल सांगितले, लोबान सांगितला. तो म्हणाला, "शिक्षक माणूस तू, काहीही जुळवशील. दाखव कोठे लिहिले आहे ते."

येत्या रविवारी मिस्सेनंतर मी शब्दकोश घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. पान काढून ठेवले आहे. ग्रंथ जाड आहे, डिकीत मावत नाही. स्कूटरवर पायांपाशी ठेवून न्यावा लागेल. वाटेत पेट्रोलही टाकायचे आहे.